डेस्कवरचा ओव्हरकोट

बाईंना ‘प्रॉबब्ली’ हा शब्द खपत नसे. कारखान्यात कुणीही, मग तो नवा शिकाऊ असो की जुना फोरमन, "प्रॉबब्ली केबल गेली असेल" असं म्हणाला, की बाई हातातला सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्याकडे नुसत्या बघत राहत. मग इंग्रजीत, पण कोकणातल्या हेलात म्हणत, "म्हणजे तुला माहीत नाही. मग माहीत नाही म्हण. त्याची लाज कसली? लाज प्रॉबब्लीची वाटायला हवी."

आमचा कारखाना लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत होता. वारा फिरला की शेजारच्या चॉकलेटच्या कारखान्याचा वास आमच्या टेस्टरूमभर पसरायचा. आम्ही मिक्सर बनवायचो. माझ्या सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "तिथल्या मिक्सरवर ओलं खोबरं नीट वाटलं जातं का गं?" त्यांना समजावताना माझा अर्धा इंटरनॅशनल कॉल खर्ची पडला. आमचा मिक्सर गाण्याबजावण्याचा. गायकाचा, तबल्याचा, गिटारचा असे सगळ्यांचे आवाज माइकमधून त्यात येतात, तिथे त्यांचं प्रमाण ठरतं आणि मग ते स्पीकरवर जातात. इंग्लंडात त्या मिक्सरला डेस्क म्हणतात. दिसतोही टेबलासारखाच, वर बटणांच्या आणि सरकत्या दांड्यांच्या रांगा.

माझा नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पण इंग्लंडात आल्यावर बरेच दिवस घरीच होते. शेवटी या कारखान्यात टेस्टिंगची नोकरी मिळाली. पहिल्या सकाळी टेस्टरूममध्ये पाऊल टाकलं तर माणूस कुणीच नाही. फक्त एका बेंचखालून पुरुषी, जाडजूड बूट घातलेले दोन पाय बाहेर आलेले, आणि आतून आवाज:

"बोल मेल्या, बोल. का छळतोस म्हातारीला?"

घराबाहेर मराठी ऐकून मला किती महिने झाले होते कोण जाणे. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अहो, काय झालं?"

बेंचखालून आधी टॉर्च बाहेर आला, मग हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेला हात, मग पांढऱ्या केसांचं डोकं.

"मराठी?"

"हो."

"मग उभी काय राहिलीस गो? टॉर्च धर."

आमची ओळख ती एवढीच. नाव, गाव, आई-वडील हे सगळं दुपारी डबा खाताना निघालं. त्यांच्या आडनावावरून मला काही उलगडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही बेने इस्रायल. यहुदी. मूळचे अलिबागकडचे. तुमचे लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेल गाळायचं, पण शनिवारी घाणा बंद." मुंबईत वाढल्या, रेडिओ इंजिनिअरिंग शिकल्या आणि साठच्या दशकात नवऱ्याबरोबर लंडनला आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझी नजर बांगड्यांकडे गेलेली त्यांनी पाहिली. "त्यांनीच भरल्या होत्या. ते गेले म्हणून मी का फोडू?"

त्याच बांगड्यांवरून कारखान्यात एकदा मोठा वाद झाला होता. विजेच्या कामात हातात दागिना नको असा नियम. सेफ्टी ऑफिसर बांगड्या उतरवायला सांगायला आला. बाई म्हणाल्या, "काचेतून करंट जातो?" तो म्हणाला, "तसं नाही, पण नियम..." "तुमच्या बोटातली सोन्याची अंगठी उतरवा. सोन्यातून जातो. तुमची अंगठी उतरली की माझ्या बांगड्या." बिचाऱ्याची अंगठी बोटात इतकी रुतली होती की साबण लावूनही निघेना. बांगड्या राहिल्या. बुटांचीही अशीच गोष्ट. कारखान्यात फिरायला पोलादी टोकाचे बूट लागत, आणि ते बायकांच्या मापात मिळत नाहीत म्हणून बायकांनी ऑफिसात बसावं असं ठरलं होतं. बाईंनी शाळकरी मुलांच्या दुकानातून लहान मापाचे तसले बूट पैदा केले आणि ठकठक वाजवत डायरेक्टरच्या केबिनसमोरून दोनदा गेल्या. एकदा जाताना, एकदा मुद्दाम.

शनिवार हा दुसरा झगडा. आमचा धंदाच शनिवारचा. नाटकं, लग्नं, बँड, सगळं शनिवारी, आणि डेस्कही नेमके तेव्हाच बिघडायचे. बाई शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत फोनला हात लावत नसत. डायरेक्टर एकदा वैतागून म्हणाले, "गिऱ्हाईकं ताऱ्यांसाठी थांबू शकत नाहीत." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग डेस्कना शुक्रवारी सकाळी बिघडायला सांगा." मात्र तारे दिसले की त्या स्वतः एकेकाला उलट फोन करायच्या, आणि त्याचं काम होईपर्यंत फोन सोडायच्या नाहीत.

मी विचारलं, "पण बाई, इथल्या ढगात तारे दिसतात कुठे?"

"दिसत नाहीत, पण असतात. मी अंदाज करते."

"म्हणजे प्रॉबब्ली?"

त्या माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं आता. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या खोलीतून लोक बघायला आले.

बाई नेहमी बरोबर असत असं मात्र मुळीच नाही. एकदा एका डेस्कमध्ये मधूनमधून कट्‌ असा आवाज येई. बाईंनी ठामपणे सांगितलं, दोष कँटीनच्या फ्रिजचा. तो सुरू-बंद होताना विजेला धक्का देतो, तोच ऐकू येतो. फ्रिज बंद करायला कँटीनवाली तयार नव्हती, म्हणून बाईंनी चार गडी लावून तो दूधलोण्यासकट कार पार्कमध्ये नेऊन ठेवला. वर पाऊस. कट्‌ आवाज तसाच. तरी बाई हटेनात, म्हणाल्या शेजारच्या कारखान्याचा फ्रिज असेल. शेवटी मला एका पट्टीचा सैल जोड सापडला. मी भीत भीत दाखवला. बाईंनी लाकडी चमच्यानं तो जोड ठोकून पाहिला (बोर्ड ठोकायला त्या स्वयंपाकघरातला चमचा वापरत), पुन्हा ठोकला, आणि म्हणाल्या, "मी चुकले. मोठ्यानं सांगते, मी चुकले." खरंच कँटीनमध्ये जाऊन मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मलिदा करून आणला. गुळाचे पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. त्यांच्यात नवस फिटला की एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावानं करतात तसा. "दोष सापडला की करायचा," त्या म्हणाल्या. "कुणाला सापडला ते महत्त्वाचं नाही." पण पहिला घास मलाच दिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला बसले ती.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमच्या कारखान्यानं पहिला डिजिटल डेस्क बाजारात आणला. आवाजाचे आकडे करायचे, आकड्यांचं मिश्रण करायचं, आणि आकड्यांचा परत आवाज. एक बटण दाबलं की सगळ्या दांड्या आपोआप ठरलेल्या जागी सरकायच्या. बघणारे आ वासायचे. आमचे डायरेक्टर म्हणजे मूळचे हाडाचे कारागीर. पहिला मिक्सर त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये हातानं बांधला होता. या डिजिटल डेस्कवर त्यांनी सगळा कारखाना पणाला लावला होता. त्याचं सर्वांत मोठं कौतुक कसलं, तर तो अजिबात घरघरत नाही. आत पंखाच नव्हता. पाठीमागच्या झडपांतून गरम हवा आपली आपण बाहेर पडायची.

स्लाऊमध्येच राहणारा बलबीर नावाचा साउंडवाला आमचा जुना गिऱ्हाईक. लग्नातल्या भांगडा बँडला आवाज पुरवायचा. त्यानं मोठ्या हौसेनं नवा डेस्क घेतला. एका लग्नात बँड ऐन रंगात असताना त्या डेस्कमधून एकाएकी पूर्ण ताकदीनं एक भयंकर आवाज सुटला. पत्रा फाटावा, आणि तोही कानाच्या आत फाटावा, असा. बलबीरनं झेप घेऊन वीज तोडली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्याचा धाकटा भाऊ जस्सी ढोल वाजवत स्टेजवरच्या स्पीकरच्या अगदी तोंडाशी उभा होता. त्याचा उजवा कान गेला. पूर्ण नाही, पण त्यात दिवसभर शिट्टी वाजत राहायची आणि माणसांचं बोलणं त्या शिट्टीखाली दबायचं. ढोल तर त्याला सहनच होईना.

बलबीर डेस्क व्हॅनमध्ये घालून कारखान्यात आला. सेल्सवाल्यांनी त्याला सांगितलं, तुम्ही चालू डेस्कची केबल उपटली असणार, चूक चालवणाऱ्याची. तो म्हणाला, मी केबलला हात लावला नव्हता. त्याचं कुणी ऐकेना. जाता जाता तो टेस्टरूमच्या दारात थांबला. बाईंना म्हणाला, "आंटीजी, सगळे म्हणतात भावाचा कान मीच घालवला. मशीन तुमच्यासमोर ठेवून जातो. मी चुकलो असेन तर तसं सांगा."

बाई त्या डेस्कपाशी बसल्या ते बसल्याच. दिवसेंदिवस तो चालवला, काही होईना. केबली उपटून पाहिल्या, नुसता टक्‌ व्हायचा, तसला आवाज नाही. मग एक दिवस त्यांनी बलबीरला फोन करून विचारलं, "लग्नाच्या हॉलमध्ये डेस्क कुठे ठेवला होतास? अगदी जसा होता तसा सांग." तो म्हणाला, भिंतीला लागून, आणि मागे मंडपाचा पडदा होता. बाईंनी फोन ठेवला, बॅगेतून स्वतःचा हेअर ड्रायर काढला आणि डेस्कच्या पाठीमागच्या झडपेवर धरला. स्पीकरचा आवाज अगदी बारीक केला होता, तरी तोच पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि मी उठून वीज तोडली.

त्यांनी मला समजावलं ते इतकं साधं होतं की आजही मी तसंच सांगते. डिजिटल डेस्कच्या पोटात एक घड्याळ असतं. आवाजाचे सगळे आकडे त्याच्या तालावर पावलं टाकतात. आमच्या डेस्कचं घड्याळ फार तापलं की ताल सोडायचं. ताल सुटला की आकडे एकमेकांवर आदळायचे, आणि ती आदळआपट पूर्ण ताकदीनं स्पीकरवर जायची. झडप उघडी असेल तर काही नाही. झडप झाकली गेली, की घात.

"घड्याळ सुधारायचंच," बाई म्हणाल्या, "पण उद्या दुसरं काही बिघडेल. म्हणून आवाज बाहेर पडतो त्या दाराशी एक रिले, आपोआप तुटणारा स्विच, बसवायचा. आतला ताल सुटला की त्यानं त्याच क्षणी बाहेरचं तोंड बंद करायचं. मशीन चुकलं तर त्यानं गप्प बसावं गो. ओरडू नये."

डायरेक्टरच्या केबिनमध्ये बैठक झाली. डायरेक्टर, सेल्सचे प्रमुख, बाई आणि मी. डायरेक्टरनी सगळं ऐकून घेतलं. ते खोटारडे नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "पुढच्या मॉडेलमध्ये करू. विकलेले डेस्क आत्ता परत मागवले तर हा कारखाना उरणार नाही. एवढ्या लोकांची घरं यावर चालतात. आणि त्या लग्नात नेमकं काय झालं कुणी पाहिलंय? प्रॉबब्ली त्यानं केबल..."

मी डोळे मिटले.

"कुणी पाहिलं नाही," बाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. मशीननं गप्प बसायचं तर ते ओरडतंय, आणि माणसांनी बोलायचं तर ती गप्प बसलीत. सगळं उलटं लावलंय तुम्ही. चालवणाऱ्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. कुणालाही म्हणू देणार नाही."

पुढच्या सोमवारी बाईंची बदली पॅकिंगमध्ये झाली. आयुष्यभर आवाजाची नाडी पाहिलेली बाई थर्माकोल कापायला बसली. मला संताप आवरेना. मी म्हटलं, "बाई, तोंडावर राजीनामा फेका."

"का म्हणून? राजीनामा दिला तर म्हणतील म्हातारी थकली. मी थकलेली नाही. काढायचं तर काढा म्हणावं, आणि का काढलं ते मोठ्यानं सांगा."

आणि पॅकिंगमध्ये बसून त्यांनी काय करावं? बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर जाड काळ्या मार्करनं इंग्रजीत मोठं लिहायला सुरुवात केली: ‘पाठ झाकू नका. का, ते मला विचारा.’ खाली पॅकिंगच्या फोनचा नंबर. साहेबांनी त्यावर कागद चिकटवायला लावले. बाई झाकणाच्या आतल्या बाजूनं लिहू लागल्या. तिथे डेस्कवरचं प्लास्टिक काढल्याशिवाय दिसायचं नाही, म्हणजे ते फक्त गिऱ्हाइकालाच दिसायचं.

फोन यायला लागले. एका नाट्यगृहातून, एका चर्चमधून, गावोगाव फिरणाऱ्या एका बँडकडून. कुणाकडे तो आवाज तालमीत सुटला होता, कुणाकडे भर प्रयोगात. प्रत्येकाला कंपनीनं एकच उत्तर दिलं होतं: बाकी कुणाची तक्रार नाही, तुमच्याच माणसाची चूक. एका नाट्यगृहानं त्या चुकीपायी आपल्या साउंडवाल्याला घरी बसवलं होतं. बाई हे मला सांगायच्या तेव्हा थर्माकोल गरजेपेक्षा बारीक कापत सुटायच्या.

हिवाळ्यात कंपनीनं वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये भर दुपारी मोठं प्रात्यक्षिक ठेवलं. नाट्यगृहांचे, भाड्यानं साउंड देणारे, बँडवाले, सगळे बोलावले. डेस्क जोडून द्यायला मला नेलं होतं; बाईंना अर्थातच बोलावणं नव्हतं. पण खोकी उतरवायला पॅकिंगची माणसं लागतात हे साहेब लोक विसरले. व्हॅनमधून बाई उतरल्या. अंगात त्यांचा तो पायघोळ, काळा, लोकरीचा ओव्हरकोट.

डेस्क सकाळपासून चालू होता. तरुण गायिका आणि तिचा छोटा बँड गात होता, दांड्या आपोआप नाचत होत्या, लोक माना डोलावत होते. डायरेक्टर स्टेजवरून म्हणाले, "हा डेस्क जिथे ठेवाल तिथे काम करेल. काही शंका?"

मागच्या रांगेतून बाई उठल्या. "एक शंका आहे. हिवाळ्यात नाट्यगृहात साउंडवाला आपला कोट कुठे ठेवतो?"

लोक हसले. पुढच्या रांगेतला एक वयस्क इंग्रज साउंडवाला म्हणाला, "डेस्कच्या पाठीवर. दुसरी जागा कुठे असते?"

"हो ना?" बाई चालत पुढे आल्या, ओव्हरकोट काढला आणि डेस्कच्या पाठीवर नीट पसरून टांगला. मग स्पीकरपाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "आवाज अगदी हळू कर. आणि गाणाऱ्या मुलीला स्पीकरपासून लांब उभी कर." मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सगळेही, तयारीत राहा."

डायरेक्टर स्टेजवरून खाली आले. "कृपा करून तो कोट काढा."

"का? कोट सोसवत नाही असं मशीन आहे का हे?"

सगळा हॉल बघत होता. काढा म्हणावं तर दोष कबूल केल्यासारखं, राहू द्या म्हणावं तर धोका. त्यांनी कोट राहू दिला.

बँड पुन्हा सुरू झाला. एक गाणं झालं, दुसरं झालं. काही नाही. मला तो कार पार्कमध्ये पावसात भिजणारा फ्रिज आठवायला लागला. लोक खुसखुसू लागले. सेल्सचे प्रमुख म्हणाले, "चला, चहा घेऊ या का?" डायरेक्टरच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "समाधान झालं?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाई खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. आपल्या मालकाला, भर सभेत.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो आला. बारीक केलेल्या स्पीकरमधूनसुद्धा. पत्रा फाटल्यासारखा. गायिकेनं किंचाळून कान झाकले. कुणीतरी धावत जाऊन वीज तोडली.

मग तो वयस्क साउंडवाला उठला. "आमच्या प्रयोगात हाच आवाज झाला होता. तुम्ही म्हणालात, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही."

"आम्हालाही तेच सांगितलं," डावीकडून एक बाई म्हणाली. आणि मग आणखी एक जण. आणि आणखी एक. ते एकमेकांकडे वळून बघत होते. अमक्याच्या गावी काय झालं ते या गावच्याला आज कळत होतं.

बाईंनी कोट उचलला, अंगात घातला, खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. "यांची कुणाचीही चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "आता मी खोकी भरते."

परतीच्या व्हॅनमध्ये मी विचारलं, "तो आवाज झालाच नसता तर?"

"तर मोठ्यानं म्हटलं असतं, मी चुकले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं खिडकीतून बाहेर बघत पुटपुटल्या, "दुसऱ्या गाण्यापासून मी मनात तेच वाक्य घोकत होते गो."

कारखाना बुडाला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे काही वर्षांनी तो एका मोठ्या कंपनीनं घेतला आणि स्लाऊची इमारत गोदाम झाली, पण ते निराळ्या कारणांनी. विकलेले डेस्क परत मागवले गेले, नाट्यगृहांनी दुरुस्तीची वाट पाहिली, कामावरून काढलेला तो माणूस परत कामावर लागला. बाई मात्र मोठ्या कंपनीत गेल्या नाहीत. मुलीकडे मँचेस्टरला गेल्या, आणि तिथल्या सिनेगॉगच्या साउंड सिस्टीमवरून कमिटीशी भांडत राहिल्या. शेवटच्या फोनमध्येही त्या मला त्या कमिटीचं अज्ञान तपशीलवार सांगत होत्या. आता त्या नाहीत.

पण वॉटफर्डनंतर लगेच जे घडलं ते राहिलंच.

बाई परत टेस्टरूममध्ये आल्या. कुणी बोलावलं म्हणून नव्हे; रिलेचा बोर्ड त्यांच्याशिवाय कुणाला करता येईना म्हणून. आम्ही दोघींनी नवे बोर्ड तयार केले, तापवून, गोठवून, ठोकून तपासले. गिऱ्हाइकांचे डेस्क हारीनं वाट बघत उभे होते. ज्या सकाळी बोर्ड बसवायचे, त्या सकाळी बाईंनी ते सगळे पोलादी कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

डायरेक्टर धावत आले. "आता काय? टेस्ट झाल्या ना?"

"एक राहिली आहे."

"कुठली?"

"तुम्ही माझ्याबरोबर जस्सीच्या घरी यायचं. आणि स्वतःच्या तोंडानं सॉरी म्हणायचं."

"आमचे वकील म्हणतात की तसं काही..."

"वकिलाचा कान गेलेला नाही."

"हे ब्लॅकमेल आहे."

"बरं, ब्लॅकमेल. गाडी काढताय की मी बसनं जाऊ?"

डायरेक्टरनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. बाईंनी मला डोळ्यानं खुणावलं, चल. मी मागच्या सीटवर बसले.

बलबीरचं घर गल्लीच्या टोकाला होतं. त्याच्या आईनं दार उघडलं, आम्हाला समोरच्या खोलीत बसवलं, चहा आणला. बलबीर दाराला टेकून उभा राहिला. जस्सी सोफ्यावर बसला होता, पंचविशीतला, रुंद खांद्यांचा पोरगा. कोपऱ्यात ढोल होता, त्याच्यावर चादर घातलेली. डायरेक्टरनी कप हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग कपाकडे बघत ते हळूच काहीतरी बोलले. सॉरी हा शब्द त्यात होता, पण मलाच तो जेमतेम ऐकू आला.

जस्सीनं मान वळवली आणि डावा कान पुढे केला. "पार्डन?"

बाई म्हणाल्या, "मोठ्यानं. आणि त्याच्याकडे बघून."

डायरेक्टरनी कप खाली ठेवला. ते उठून उभे राहिले. उंच माणूस, त्या बुटक्या छताच्या खोलीत कसाबसा मावणारा.

"आय अ‍ॅम सॉरी," ते म्हणाले. आता आवाज मोकळा निघाला होता, जरा फाटलेला. "दोष आमच्या मशीनचा होता. तुझ्या भावाचा नव्हता. आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही."

बलबीरनं दाराच्या चौकटीवर कपाळ टेकलं. त्याच्या आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. ती सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. जस्सीनं डायरेक्टरकडे पाहिलं. ‘इट्स ओके’ म्हणेल असं मला वाटलं. इंग्लंडात प्रत्येक सॉरीला तेच म्हणतात.

तो तसं म्हणाला नाही. आईकडे वळून त्यानं पंजाबीत तिला सांगितलं, साहेब म्हणतायत दोष त्यांचा होता, वीरजीचा, म्हणजे थोरल्या भावाचा, नव्हता. मग डायरेक्टरला म्हणाला, "नाऊ आय हर्ड."

बाईंनी खिशातून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"तू यांच्याबरोबर पुढे हो आणि बोर्ड लावायला घे," त्या म्हणाल्या. "मी चहा संपवून बसनं येते."